घरातील नळजोडास गाळणयंत्र बसविण्याचे शास्त्र : जोतिबाच्या डोंगराच्या अनुषंगाने

कोल्हापूरच्या वायव्येस असलेला जोतिबाचा डोंगर, म्हणजेच वाडी रत्नागिरी, भोवतालच्या सपाटीपासून सुमारे १००० फूट वर उठलेला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३००० फूट भरते. अशा माथ्यावर वस्ती टिकावयाची तर पाण्याची तरतूद ही पहिली अट होय, आणि ती पूर्वजांनी ओळखली होती असे तेथील तीर्थांवरून दिसते. सध्याचे मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधविले. यमाईच्या मंदिरासमोरील दोन तीर्थांपैकी एक १७४३ च्या सुमारास जिजाबाईसाहेबांनी व दुसरे, जमदग्नितीर्थ, राणोजी शिंदे यांनीच बांधविले. देवालय आणि जलाशय ही एकाच दात्याची दोन कामे होती, ही गोष्ट अभ्यासकांनी सहसा ओझरती नोंदविली आहे. वास्तविक डोंगरावरील तीर्थक्षेत्राच्या इतिहासात ती मध्यवर्ती ठरावी.

आज घरोघरी नळ आहेत, छपरांवर प्लॅस्टिकच्या टाक्या आहेत आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एखादे गाळणयंत्र टांगलेले असते. हे यंत्र बाजारातून आणून जोडणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते कोठे, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी जोडावयाचे हा प्रश्न मात्र विज्ञानाचा आहे, आणि जोतिबासारख्या ठिकाणी तो सपाटीवरील शहरापेक्षा अधिक अवघड होतो. कारण येथे चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते. सासनकाठ्या घेऊन येणारे लाखो भाविक ज्या दिवसांत डोंगर चढतात, तेच दिवस झरे व विहिरी आटत जाण्याचे असतात. पुजाऱ्यांच्या घरी भाविकांनी उतरण्याची जुनी चाल आहे. त्यामुळे एरवी पाचसात माणसांचे असलेले घर यात्रेत पन्नास माणसांचे होते. घरगुती यंत्राची आखणी करणारा कारखानदार अशा घराचा विचार करीत नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू. कोल्हापूर जिल्ह्याचा पाया काळ्या बेसाल्टचा असून पश्चिमेकडील पन्हाळ्यासारख्या उंच माथ्यांवर जांभ्याचे आवरण आढळते. जांभा म्हणजे दीर्घकाळ पावसाने धुतला गेलेला खडक. त्यातील चुना, मॅग्नेशियम, सिलिका हे घटक निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे शिल्लक राहतात. म्हणून जांभ्यातून पाझरणारे पाणी बहुधा सुफेन, अल्पक्षार आणि किंचित आम्लधर्मी असते. त्यात अडचण कसली असेल तर ती तांबड्या सूक्ष्म कणांची. बेसाल्टच्या भेगांतून व सच्छिद्र थरांतून आलेले पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे घेऊन येते आणि भांड्यावर पांढरी पुटे धरते. नदीखोऱ्यातून वर चढविलेल्या पाण्यात यांखेरीज पावसाळी गढूळपणा व मैलापाण्याची भीती असते. ही भीती काल्पनिक नव्हे. पंचगंगेच्याच काठी इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली, तिचे मूळ दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘हेपॅटायटिस ई’ विषाणूत होते.

या तिन्ही पाण्यांना एकच औषध चालणार नाही, हे उघड आहे. तरीही विक्रेता सर्वांना एकच पेटी दाखवितो. सबब यंत्र आणण्यापूर्वी पाणी तपासून घेणे हा कामाचा पहिला टप्पा मानला पाहिजे. भारतीय मानक १०५००, २०१२ च्या आवृत्तीनुसार, पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत दिलेली आहे. एकूण दुष्फेनतेसाठी हेच आकडे २०० व ६०० आहेत. आतड्यातील ई. कोलाय जातीचा जीवाणू मात्र १०० मिलिलिटर पाण्यात एकही असता कामा नये. तेथे सवलत नाही. प्रयोगशाळा दूर असेल तर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव यांनी १९८२ मध्ये मांडलेली हायड्रोजन सल्फाइडची बाटली उपयोगी पडते. बाटलीत पाणी भरून एकदोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर मैलाचा संसर्ग झाला असावा असे समजावे. ही चाचणी अचूक मोजमाप देत नाही, पण एका घरापुरता निर्णय घेण्यास पुरते.

आता गाळण्याच्या क्रियेकडे वळू. ‘गाळणे’ हा शब्द आपल्या भाषेत फडक्याशी जोडलेला आहे, आणि फडक्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीचे कापड अनेकपदरी करून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पटकीचे जीवाणू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते जलचर अशा कापडात अडकतात, हे त्याचे कारण. सुटा जीवाणू मात्र सहज पार होतो. अशा कापडाची छिद्रे सुमारे २० मायक्रोमीटरची. जीवाणू साधारणतः अर्धा ते पाच मायक्रोमीटर लांबीचा. काविळीचा विषाणू तर मायक्रोमीटरच्या तिसाव्या भागाइतका. बाजारातील कापसासारख्या धाग्याच्या पांढऱ्या कार्ट्रिजवर ‘५ मायक्रॉन’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ या मापांशेजारी ठेवून वाचावा. ते कार्ट्रिज माती अडविते, रोगजंतू अडवीत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू लागले म्हणजे ते निर्धोक झाले, हा समज या विषयातील सर्वांत घातक समज आहे.

अडकविणे आणि शोषून धरणे या दोन क्रियांतील भेद समजावयास जोतिबाचा गुलाल हे उत्तम उदाहरण आहे. यात्रेत उधळलेला गुलाल झाकण नसलेल्या टाकीत पडला, तर त्याचे दोन भाग होतात. पिष्टाची वा शंखजिऱ्याची पूड पाण्यात तरंगते किंवा तळाशी बसते. रंगद्रव्यापैकी काही अंश विरघळतो. धाग्याचे कार्ट्रिज पूड अडवील, पण पाणी गुलाबीच बाहेर येईल, कारण विरघळलेल्या रेणूपुढे पाच मायक्रोमीटरचे छिद्र म्हणजे वेशीचा उघडा दरवाजा. तो रंग काढावयास सक्रियित कोळसा लागतो. त्याच्या एका ग्रॅमचा आंतरिक पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो आणि सेंद्रिय रेणू त्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. ही अधिशोषणाची क्रिया होय. योगायोग असा की, या कामास उत्तम ठरलेला कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी प्रथम हवेविना भाजतात व नंतर आठशे अंशांच्या वर वाफेने तिची छिद्रे मोकळी करितात. ज्या देवाला गुलाल-खोबरे वाहावयाचे, त्याच खोबऱ्याची करवंटी गुलालाचा रंग उतरविते! महाराष्ट्रात करवंटीचा उपयोग याहून साध्या रीतीनेही झाला आहे. राज्यातील पाणीपुरवठा अभियंते ज. ना. करडिले यांनी रामटेक, वरणगाव व चांदोरी येथील कमी खर्चाच्या जलशुद्धीकरण केंद्रांत वाळूच्या थरावर कुटलेल्या करवंटीचा थर योजिला. करवंटीचे तुकडे वाळूहून हलके व आकाराने मोठे असल्याने उलट्या प्रवाहाने धुतल्यावरही ते वरच राहतात, मोठा गाळ वरच्या थरात थांबतो आणि वाळू लवकर बुजत नाही. येथे करवंटी केवळ चाळणीचे काम करिते, अधिशोषणाचे नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

वाळूच्या गाळणीतून पाणी किती वेगाने उतरेल, हा प्रश्न आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने हाताळला व १८५६ मध्ये त्याचा नियम प्रसिद्ध केला. प्रवाह हा गाळणीच्या क्षेत्रफळाशी व दोन्ही बाजूंच्या जलस्तंभांच्या उंचीतील फरकाशी समप्रमाणात, आणि थराच्या जाडीशी व्यस्त प्रमाणात असतो. भूजलशास्त्राचे विद्यार्थी हा नियम विहिरींसाठी शिकतात. स्वयंपाकघरातील कार्ट्रिजलाही तोच लागू आहे. गाळ साचला म्हणजे विरोध वाढतो, आणि उंचीतील फरक तोच राहिला तर विरोध दुप्पट होताच धार निम्मी होते.

डोंगरावर ही उंचीच सर्व गणित ठरविते. दहा मीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. छपरावरील टाकीतील पाणी ओट्यावरील तोटीपेक्षा अडीच मीटर उंच असेल, तर मिळणारा दाब अवघा पाव किलोग्रॅम. इतक्या दाबावर धाग्याचे व कोळशाचे कार्ट्रिज नवे असताना बरे चालते; ते बुजू लागताच गृहिणीचा हंडा भरण्यास लागणारा वेळ वाढतो आणि कंटाळून कार्ट्रिजच काढून टाकले जाते. उलटपक्षी गावाच्या उंच टाकीपासून साठ मीटर खाली, उतारावर असलेल्या घराच्या नळात पाणी स्थिर असताना सहा किलोग्रॅमचा दाब असतो. सामान्य प्लॅस्टिकच्या डब्याची सहनशक्ती सात ते आठ किलोग्रॅमपर्यंत असते, आणि चावी एकदम बंद केल्याने नळात बसणारा जलाघात ती सहज ओलांडतो. एकाच गावात एका घरी यंत्रास दाब पुरत नाही व दुसऱ्या घरी यंत्र फुटते, हे डोंगराचे वैशिष्ट्य. म्हणून मुख्य नळावर थेट गाळणयंत्र जोडण्याऐवजी ते घरच्या टाकीनंतर जोडावे, आणि टाकी शक्य तितकी उंच बसवावी. टाकीची एक मीटर उंची वाढविणे हे विजेच्या लहान पंपापेक्षा स्वस्त व बिनबोभाट पडते.

दाब कमी म्हणून सार्वजनिक नळालाच मोटर लावण्याची वाईट खोड अनेक गावांत आहे. ठराविक वेळी पाणी सुटणाऱ्या वाहिनीत मोटर ओढू लागली की, आतील दाब वातावरणाहून कमी होतो आणि जेथे सांधा गळका आहे तेथून गटाराचे पाणी आत शिरते. अशा घरी गाळणयंत्र असले तरी शेजाऱ्याच्या घरी ते नसते.

यानंतर क्रमाचा प्रश्न येतो. गावाच्या टाकीत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विरंजक चूर्ण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली टीसीएल पावडर, टाकतो. ताज्या चुर्णात क्लोरीनचे उपयुक्त प्रमाण सुमारे ३३ टक्के असल्याने हजार लिटरला पाच ग्रॅम चूर्ण टाकल्यास लिटरमागे सुमारे दीड मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर तोटीशी निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहावे अशी अपेक्षा असते. हे उरलेले क्लोरीन वाटेतील संसर्गावरचा पहारा होय. कोळसा हा पहाराच उठवितो, कारण तो क्लोरीन तत्काळ नष्ट करितो. म्हणून टाकीच्या आधी कोळशाचे गाळणयंत्र बसविणे ही पाणी शुद्ध करण्याच्या नावाखाली केलेली चूक ठरते. टाकीतील पाणी निराधार होते आणि चारसहा तासांत त्यात जीवाणूंची वाढ सुरू होऊ शकते. टाकीच्या आधी फार तर मातीची गाळणी असावी. कोळसा असावा तो तोटीच्या अगदी जवळ, आणि त्याच्या पुढे जंतुनाशक टप्पा, म्हणजे अतिसूक्ष्म पटल किंवा जंबुपार किरणांचा दिवा. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जंतूंच्या केंद्रकाम्लावर आघात करितात. परंतु गढूळ पाण्यात कणाच्या सावलीला बसलेला जंतू वाचतो. दिव्याच्या आधी गाळणी हवीच, ती यासाठी. शिवाय वीज गेली की दिवा विझतो, आणि दिव्यातून गेलेल्या पाण्यात पुढील संसर्गाविरुद्ध काहीही शिल्लक नसते. ते साठवावयाचे असेल तर स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातच.

राहिला प्रश्न व्यस्त परासरणाच्या, म्हणजे ‘आरओ’ नावाने घरोघर पोहोचलेल्या यंत्राचा. हे यंत्र विरघळलेले क्षार काढते, आणि जेथे फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारटपणा मर्यादेबाहेर आहे तेथे ते उपयोगी पडते. पण घरगुती यंत्रात आत गेलेल्या चार लिटरांपैकी साधारण एकच लिटर पिण्यास मिळते. तीन लिटर मोरीत जातात. कुटुंबाचे रोजचे पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी वीस लिटर धरले तर साठ लिटर वाया जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे भिंतीवरील त्या पेटीने एका अदृश्य माणसाचा पूर्ण वाटा संपविला. यात्रेत पन्नास पाहुण्यांना प्रत्येकी चार लिटर पाणी याच यंत्रातून द्यावयाचे झाल्यास सहाशे लिटर, अकरा माणसांचा वाटा, वाया जाईल. आणि तेही चैत्रात. वर चढविण्याची वीज मोजली तर ती फार नाही: हजार लिटर पाणी तीनशे मीटर चढविण्यास तत्त्वतः ०.८२ युनिट व पंपाचे नुकसान धरून दीड युनिटाच्या आतबाहेर लागते. खरी टंचाई विजेची नसून पाण्याची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तेथे या यंत्राचा वापर रोखण्याचा आदेश दिला, त्यामागील तर्क हाच होता. जांभ्याच्या सुफेन पाण्याला हे यंत्र लावणे म्हणजे मुळात नसलेल्या रोगावर औषध घेणे. ते लावणे भागच असेल, तर मोरीकडे जाणारी नळी बादलीत सोडून ते पाणी फरशी धुण्यास वापरावे.

प्रत्यक्ष जोडणीचे काम थोडक्यात असे. टाकीतून स्वयंपाकघराकडे येणाऱ्या नळात ‘टी’ काढून यंत्राच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉक व युनियन बसवावी, आणि यंत्राला वळसा घालणारी तिसरी कॉकयुक्त वाट ठेवावी. कार्ट्रिज बदलताना वा बुजले असताना भांडी घासण्याचे पाणी थांबत नाही. हा वळसा काटकसरीने गाळला जातो आणि नंतर त्याचा पश्चात्ताप होतो. डब्याच्या माथ्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेने आहे हे पाहावे. उलटा जोडलेला डबाही पाणी देतो, पण त्याची गाळण बिघडलेली असते व ते कोणाच्या लक्षात येत नाही. डब्याचा भार लोखंडी घोडीने भिंतीवर घ्यावा, नळावर टाकू नये. खाली एवढी मोकळी जागा हवी की पाना लावून डब्याचा पेला सरळ उतरविता येईल. लोखंडी नळाच्या आट्यांना जुने कारागीर ताग व सफेदा लावीत. पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचा सफेदा वर्ज्यच समजावा. टेफ्लॉनची टेप आट्याचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे आटा फिरविताना ती उलगडत नाही. प्लॅस्टिकच्या आट्यास हाताने घट्ट करून पान्याचा थोडाच फेर द्यावा. जोर केल्यास डब्याच्या माथ्याला न दिसणारी चीर पडते. पारदर्शक डबा उन्हात नसावा, कारण आत हिरवे शेवाळ धरते. जोडणी झाल्यावर नळातील कोंडलेली हवा माथ्यावरील बटण दाबून काढावी. नव्या कोळशातून प्रथम काळी भुकटी येते, ती थांबेपर्यंतचे पाणी झाडांना घालावे.

यंत्र बंद पडले असता पाणी उकळणे हाच आधार, आणि येथे डोंगराची उंची एक शंका निर्माण करिते. तीन हजार फुटांवर वातावरणाचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ अंशांवर उकळते. हे तापमान पुरेसे आहे काय? रोगकारक जीवाणू, विषाणू व आदिजीव याहून बऱ्याच कमी तापमानास मरतात. सबब पाणी खळखळून एक मिनिट उकळले म्हणजे पुरे.

कार्ट्रिज केव्हा बदलावे याचे उत्तर पेटीवरील महिन्यांच्या आकड्यात नाही. यंत्राच्या आधी व नंतर दाबमापक बसविणे शक्य असेल तर दोहोंतील फरक वाढत जाणे हीच खूण. नसेल तर ठराविक तांब्या भरण्यास लागणारी सेकंदे नव्या कार्ट्रिजच्या दिवशी लिहून ठेवावी आणि ती दुप्पट झाली की मातीचे कार्ट्रिज बदलावे. कोळशाची गोष्ट निराळी. तो बुजत नाही, तृप्त होतो, आणि तृप्त झाल्याचे दाबावरून कळत नाही. धारेतील क्लोरीनचा वास परत आला म्हणजे तो संपला असे समजावे. यात्रेच्या घरांनी टाकी धुऊन तिला झाकण व उपळीच्या नळीला जाळी लावण्याचे आणि मातीचे कार्ट्रिज बदलण्याचे काम चैत्र पौर्णिमेच्या आधी करावे. पाहुणे परतल्यावर पाण्याची मागणी एकदम पडते व कोळशातील पाणी साचून राहते. अशा वेळी, किंवा घर आठवडाभर बंद राहिले असल्यास, पहिली दोन मिनिटे तोटी मोकळी सोडून ते पाणी पिण्यास न घेता वळचणीच्या तुळशीला घालावे.